डक्टपलीकडचं नाक

मला आयुष्यात जेवढे धक्के बसले, त्यांतले निम्म्याहून जास्त एकाच माणसाने दिले आणि तेही स्वतःच्या स्वयंपाकघरातून न हलता. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते, म्हणजे धक्के खाणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. देवघर पाडून बाथरूम करा, आता बाथरूम पाडून पुन्हा देवघर करा, हे मी चहा पिता पिता ऐकते आणि त्या भिंती निमूटपणे इकडच्या तिकडे करते. पण आमच्या डक्टपलीकडच्या काकांनी जे धक्के दिले, त्यांची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही. डक्ट म्हणजे दोन विंगांच्या मधला चार फुटी चौकोनी अंधार. त्यात सांडपाण्याचे पाइप असतात, कबुतरं असतात आणि कुणाच्या तरी हातून पडलेला एखादा चमचा वर्षानुवर्षं असतो. असले डक्ट मी कागदावर शेकड्याने काढले आहेत. एक चौकोन आणि त्यात एक फुली. त्या फुलीच्या पलीकडे एखादं नाक राहत असेल, हे मात्र मला कुठल्याही कॉलेजात शिकवलं नव्हतं.

मी मूळची वर्ध्याची. पुण्यात आले त्याला नऊ वर्षं झाली आणि त्यातली सात मी डब्यावर काढली. आईने मला 'तू शीक, पोळ्या काय कुणीही करेल' या तत्त्वावर वाढवलं. मी शिकले. पोळ्या करणारं ते कुणीही मात्र काही भेटलं नाही. डबा देणाऱ्या मावशी गुडघ्यांना कंटाळून मुलाकडे तळेगावला निघून गेल्या, तेव्हा वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, सहकारनगरातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, मी पहिल्यांदा स्वतःसाठी गॅस पेटवला. बटाट्याची भाजी करायचं ठरवलं होतं, कारण बटाटा कुणाचं वाईट करत नाही असा माझा समज होता. कढई ठेवली, तेल ओतलं, मोहरी टाकली आणि ती तडतडायची वाट बघत उभी राहिले. मोहरी तळाशी निवांत पडून होती. तेवढ्यात खिडकीतून, अगदी कानाशी बोलावं तसा, एक शांत पुरुषी आवाज आला, "तेल तापलेलं नाही. मोहरी तळाला बसली असेल."

हातातला झारा सिंकमध्ये पडला. खिडकीला आडव्या पट्ट्यांच्या दुधी काचा होत्या. मला पलीकडचं काही दिसत नव्हतं आणि पलीकडच्याला माझं काही दिसणं शक्यच नव्हतं. मी गॅस बंद केला, दिवाही बंद केला आणि फ्रिजला चिकटून अंधारात उभी राहिले. मिनिटभराने आवाज म्हणाला, "गॅस बंद करून कसं तापेल?" त्या रात्री मी बिस्किटं खाऊन झोपले. आईला फोनवर सांगितलं, तर ती माझ्याहून हादरली. "परका माणूस खिडकीतून बोलते अन् तू आयकत बसते? कोन होय तो?" आता आमच्या वर्ध्याला शेजारी आधी घरी येतात, चहा घेतात, गावातल्या दोन-चार ओळखी काढतात आणि मग हळूच टोमणा मारतात. पुण्यात आधी टोमणा येतो. ओळख नंतर, जमली तर.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले ती तडक भांडायला गेले. आमच्या विंगचा आणि त्यांच्या विंगचा मजला एकच, पण मध्ये रस्ता नाही. तीन मजले उतरायचे, पार्किंगमधून जायचं आणि पुन्हा तीन मजले चढायचे. एवढं करून वर पोचेपर्यंत माझा निम्मा राग जिन्यातच सांडला होता. दार उघडलं ते एका सडपातळ, पंचाहत्तरीच्या गृहस्थांनी. नाकाकडे मी आधी बघितलं. चांगलं लांब, धारदार असं काहीतरी मी मनात धरून गेले होते. प्रत्यक्षात ते अगदी साधं, बसकं आणि चष्म्याच्या ओझ्याने दमलेलं होतं. मी म्हटलं, तक्रार करायला आलेय. ते म्हणाले, करा की, पण आधी पाणी घ्या. पाणी दिलं आणि विचारलं, "कशाचा वास येतो?" मी हुंगलं. कशाचाच येत नव्हता. तसं सांगितल्यावर ते पहिल्यांदा हसले. पुण्याला नळातून जे खडकवासल्याचं पाणी येतं, ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी गेली होती. यंत्रं होती, रसायनं होती, पण पाण्याला वास आहे का, हे शेवटी माणसाच्या नाकालाच ठरवावं लागतं आणि ते नाक यांचं होतं. तीस-बत्तीस वर्षं रोज सकाळी बाटल्या हुंगून 'वास नाही' असं लिहायचं आणि खाली सही करायची. "ज्या माणसाने आयुष्यभर काहीही नसलेलं हुंगलंय," ते म्हणाले, "त्याच्यापुढे तुम्ही काल कच्च्या तेलात मोहरी टाकलीत. मला ते सहन झालं नाही."

माझी तक्रार तिथेच संपली. उलट तासाभराने मी परतले ती हातात एक कागद घेऊन. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे त्यांनी मला आठवड्याचं वेळापत्रक करून दिलं होतं: सोमवारी पिठलं-भात, मंगळवारी मुगाची खिचडी, बुधवारी मेथीची परतून भाजी, गुरुवारी वरणफळं, शुक्रवारी बटाट्याच्या काचऱ्या आणि दहीभात. शनिवार-रविवार कोरे. त्या दिवशी काय करू म्हणून विचारलं, तर म्हणाले, उपाशी राहिलात तरी माझी हरकत नाही. कामावरून दमून आलेल्या माणसाच्या जेवणाला तीनच नियम, असं त्यांचं म्हणणं होतं: भांडं एक, फोडणी एक आणि वेळ अर्धा तास. चौथी गोष्ट मनात आली की समजावं, आपल्याला भूक नाही, हौस आहे. मला वाटलं होतं की काकू गेल्यावर ते नाइलाजाने स्वयंपाक शिकले असतील. छे. लग्न झाल्यापासून ओटा त्यांच्याच ताब्यात होता. काकू शाळेत गणित शिकवायच्या आणि त्यांना चहासुद्धा धड जमत नसे, हे ते एखादं पदक दाखवावं तसं सांगत. "तुमची कालची फोडणी मला ओळखीची वाटली," असं म्हणून ते उठून उगीचच पाणी आणायला आत गेले.

तेव्हापासून संध्याकाळी साडेसात वाजता मी ओट्याशी उभी राहायची आणि डक्टमधून माझी शिकवणी सुरू व्हायची. ती शिकवणी कसली, पंचनामाच. "लसूण आधी, कांदा नंतर. तुम्ही उलटं केलंत." "हळद जास्त झाली. लग्न आहे का?" "हिंगाची डबी उघडी राहिलीय, झाकण लावा." हे शेवटचं ऐकून तर मी अक्षरशः दचकले, कारण डबी खरोखर उघडी होती आणि मला स्वतःला वास येत नव्हता. वर्ध्याहून आईने तिखट पाठवलं, त्याची पुडी मी नुसती कात्रीने कापली तर पलीकडून शिंक आली आणि पाठोपाठ, "ही भाजी आहे की बंदोबस्त?" सोमवारच्या पिठल्याने मात्र माझा अंत पाहिला. उकळत्या पाण्यात मी कोरडं बेसन भुरभुरवत असे आणि त्याच्या गोळ्या होत; बाहेरून शिजलेल्या, आत पीठ तसंच. तिसऱ्या सोमवारी मी त्या गोळ्यांकडे बघत ओट्यावर डोकं टेकवून चक्क रडले. वास नसलेली गोष्ट त्यांना कळायला नको होती, पण ती कळली. "अगं, रडतेस काय," आवाज आला, "पीठ आधी गार पाण्यात कालव, ताकाएवढं सैल कर. पाणी उकळलं की धार धरून ओत आणि हात थांबवू नकोस. मग झाकण ठेवून दोन वाफा. जा, दुसरं पातेलं घे." त्या दिवशी मी 'अहो'ची 'अगं' झाले. पुण्यात एका पिठल्यावर एवढी बढती दुसऱ्या कुणाला मिळाली असेल असं मला वाटत नाही.

हे नाक घराबाहेरही सुट्टीवर नसायचं. रविवारी ते मला मंडईत घेऊन जात. भाजी दाबून बघणाऱ्या माणसांबद्दल त्यांना तिरस्कार होता. ते भाजी उचलून देठ हुंगत आणि मान हलवून परत ठेवत. एका गाळ्यावर त्यांनी अशा सहा जुड्या ठेवल्यावर भाजीवाल्या आजीबाई म्हणाल्या, "काका, घ्यायची हाय का नुसतीच हुंगायची? आमच्याकडं वासाचे वेगळे पैसे पडत्यात." काका शांतपणे म्हणाले, वास असता तर दिले असते. मला वाटलं, आता आपल्याला दोघांनाही टोपलीखाली कोंडतील. पण त्या आजीबाई खो-खो हसल्या आणि त्यांनी मागच्या पोत्यातून खास ठेवलेली मेथी काढून दिली. बसमध्ये तर माझा जीव मुठीत असायचा. शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाकडे न बघता ते म्हणत, "मिसळ झाली वाटतं. डॉक्टरांनी परवानगी दिली?" एकदा सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी टाकी नुकतीच धुऊन घेतल्याचं अभिमानाने जाहीर केलं आणि सगळ्यांना पाणी दिलं. काकांनी ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. म्हणाले, वरचं झाकण उघडं राहिलंय आणि आत एक कबूतर आहे. सभा हसली. दोघं जण वर गेले आणि पांढरेफटक चेहरे घेऊन खाली आले. त्यानंतर पुढचा अर्धा तास त्या हॉलमध्ये कुणी पाण्याला हात लावला नाही, आणि मला तर दोन दिवस तहानच लागली नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी बाणेरला राहते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. दर रविवारी संध्याकाळी ती यायची आणि तिचा एकच विषय असायचा: बाबा, आता एकटं राहणं पुरे, माझ्याकडे चला. तिच्या घरात त्यांच्यासाठी खोली तयार होती, खिडकीतून टेकडी दिसत होती, सगळं होतं. काका म्हणत, तुझ्या स्वयंपाकघरात स्वयंपाकीण आहे. मी तिथे काय, पाहुण्यासारखा टेबलाशी बसू? शेवटी एका रविवारी, मी तिथे बसलेली असताना, बापलेकींत करार झाला. काकांनी तो स्वतःच मांडला. "ज्या दिवशी गॅस चालू आहे का बंद, हे मला या नाकाने कळणार नाही, त्या दिवशी मी स्वतः तुला फोन करीन. तोवर हा विषय बंद." ताई हसली आणि तिने त्यांच्या हातावर हात मारला. हसण्यासारखंच होतं ते. ते नाक जाईल असं आमच्या तिघांतल्या कुणालाच वाटत नव्हतं. या घरात, या ओट्यापाशी राहायचं एवढं एकच त्यांना आयुष्याकडून हवं होतं आणि त्याची सगळी हमी त्यांनी नाकावर ठेवली होती.

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. आठ-दहा दिवस सर्दी, खोकला, अंगदुखी. ताई येऊन राहिली, औषधं झाली, ताप गेला, ताईही गेली. साडेसातला डक्टमधून पुन्हा आवाज यायला लागला आणि मला हायसं वाटलं. फक्त तो आवाज बदलला होता. आता ते माझं कौतुक करत होते. सोमवारी, "वा, पिठलं छान जमलं." मंगळवारी, "खिचडी उत्तम." दोन वर्षांत मला 'बरं आहे' याच्या वर काही मिळालं नव्हतं, त्यामुळे मी आधी हुरळले. मला वाटलं, आपण शिकलो. आईला फोन करून मी ही बातमीसुद्धा दिली. असं दीड-दोन आठवडे चाललं. मग एका बुधवारी ऑफिसात उशीर झाला, मेथी आणायला वेळ मिळाला नाही. घरी अंडी होती. काकांच्या डक्टमध्ये मी आजवर अंडं फोडायची हिंमत केली नव्हती. खालच्या मजल्यावर कुणी ऑम्लेट केलं तरी ते दोन दिवस खिडकी उघडत नसत. पण भूक फार लागली होती. मनातल्या मनात माफी मागून मी भुर्जी टाकली आणि शिव्या खायच्या तयारीने मान खाली घालून उभी राहिले. पलीकडून आवाज आला, "मेथी चांगली परतलीयस आज. लसूण अगदी बेताचा."

 मी त्या पिवळ्याधमक भुर्जीकडे बघत राहिले. थट्टा असेल, असं म्हणून बघितलं. पण थट्टा करताना त्यांचा आवाज कोरडा होतो, आणि आत्ताचा आवाज खूश होता. दुसऱ्या दिवशी मी एक गोष्ट केली, जिची मला अजून लाज वाटते. गुरुवार होता, वरणफळांचा. मी गॅस पेटवलाच नाही. रिकाम्या पातेल्यात डाव फिरवत राहिले, एकदा झाकण वाजवलं आणि थांबले. काका म्हणाले, "चिंचगूळ बरोबर पडलाय हं वरणात." घरात चिंचेचं बोटुकसुद्धा नव्हतं. कॅलेंडरच्या त्या पानावरून वार बघून हा माणूस रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकाचा वास तोंडपाठ म्हणत होता. मला फार वाईट वाटलं. मी डाव खाली ठेवला आणि म्हटलं, "हो काका, आज जमलंय." आणि त्या दिवसापासून वार चुकवायचा नाही असं ठरवून टाकलं. सोमवारी पिठलंच, बुधवारी मेथीच, मग ती आणायला मला ऑफिसातून पळत का यावं लागेना.

ताईला सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. दोन रविवार ती भेटली आणि दोन्ही वेळा मी तिच्या कारचं कौतुक करून परत आले. मी स्वतःची समजूत घातली की आपण आहोत ना, आपण लक्ष ठेवू. मग साडेसातला मी माझ्या कढईकडे पाठ करून खिडकीशी नाक लावून उभी राहू लागले: त्यांचं दूध उतू जात नाही ना, त्यांचा कांदा करपत नाही ना. त्या तीन आठवड्यांत माझं सगळं करपलं. आणि मग एका संध्याकाळी, ऑफिसातून येऊन चपला काढते न काढते तोच, डक्टमधून करपलेल्या दुधाचा वास आला आणि त्यामागून दुसरा, जो ओळखायला काकांचं नाक लागत नाही.

मी अनवाणीच धावले. तीन मजले उतरले, पार्किंगमधून पळाले, तीन मजले चढले. बेलच्या बटणाकडे हात गेला आणि तसाच मागे घेतला. ठिणगीची भीती वाटली. दोन्ही हातांनी दार बडवलं. काकांनी दार उघडलं ते हातात वर्तमानपत्र घेऊन, अगदी प्रसन्न चेहऱ्याने. घर गॅसने भरलं होतं आणि ते मला म्हणत होते, ये, बस. मी त्यांना ढकलून आत गेले. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण चालूच होतं. ते बंद केलं, सिलिंडर बंद केला, सगळ्या खिडक्या, दारं उघडली आणि त्यांना हाताला धरून जिन्यात आणून बसवलं. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. वर्तमानपत्र अजून त्यांच्या हातातच होतं. त्यांनी विचारलं, "किती वेळ चालू असेल?" मी म्हटलं, माहीत नाही, मला वास आला तेव्हा धावत आले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या बुधवारी मेथी नव्हती ना?"

"नव्हती."

"काय होतं?"

"अंडाभुर्जी."

त्यांनी चष्मा काढला. गॅसने भरलेल्या घरात बसलेला हा माणूस जेवढा हादरला नव्हता, तेवढा आत्ता हादरला. "माझ्या डक्टमध्ये?" ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसायला लागलो. हसता हसता त्यांचे डोळे भरले, मग माझेही. मी घाईघाईने बोलत सुटले. ताईला मी काही सांगणार नाही, उद्याच विजेची शेगडी आणू, गॅसचं नावच नको, मी सकाळ-संध्याकाळ येऊन बघून जाईन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "शेगडी बदलता येईल गं," ते म्हणाले. "पण करार नाकावर झालाय. चुकीच्या रिपोर्टवर मी कधी सही केली नाही, आता म्हातारपणी कुठे करू?" फोन आत होता. तो मीच आणून दिला. जिन्यातल्या त्या पायरीवर बसून त्यांनी मुलीला सांगितलं की नाक गेलंय, महिना झाला, मी लपवलं, शनिवारी ये. पलीकडे ताई रडत असावी, कारण ते तिला म्हणत होते की अगं, रडतेस काय.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यांचं सामान बांधून झालं होतं. मी मदतीला गेले होते, पण त्यांनी मला सातला हाकलून दिलं. म्हणाले, तुझ्या जेवणाची वेळ झाली. काचऱ्या करायचं माझ्या जिवावर आलं. मी तोंडलीभात करायला घेतला. साडेसातला पलीकडे पावलं वाजली, आणि दोन वर्षांत प्रथमच काकांनी मला विचारलं, काय करतेयस? मी सांगितलं. ते 'हं' म्हणाले. मोहरी तडतडली, हिंग पडला, मी तोंडली परतायला घेतली, तरी ते काही बोलेनात. मग म्हणाले, "कसा येतोय?"

मला आधी कळलंच नाही.

"वास गं. मला सांग की कसा येतोय."

मी म्हटलं, छान येतोय. ते म्हणाले, छान म्हणजे काय, स्थळ बघून आलीस का? नीट सांग. मग मी डोळे मिटले आणि सांगायला लागले. मोहरीचा खरपूस येऊन गेला. हिंगाचा एकदम डोक्यात चढला आणि आता खाली उतरलाय. तोंडल्यांचा हिरवा, कच्चा वास होता, तो मऊ होत चाललाय. गोडा मसाला घातला, तेव्हा कुणाच्या तरी घरी पाहुणे आल्यासारखं वाटलं. "पुढे," ते म्हणाले. तांदूळ घातले, त्यांचा धुतल्या पाटीसारखा ओला वास. पाणी आटत आलंय आणि आता सगळे वास एकात एक मिसळतायत, वेगळे काढता येत नाहीत. "येणारच नाहीत," ते म्हणाले. "पुढे." मी खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून बोलत होते. एवढं मी आयुष्यात कधी हुंगलं नव्हतं. दोन वर्षं त्यांच्या नाकाने स्वयंपाक केला, माझं स्वतःचं नाक आहे हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि बोलण्याच्या नादात गॅस बारीक करायचा राहिला. करपल्याचा वास आला तशी मी एकदम थांबले.

"आता?" काकांनी विचारलं.

"आता तुपाचा येतोय," मी म्हटलं. "छान येतोय."

"मग झाला," ते म्हणाले. किती समाधान होतं त्या आवाजात. मी गॅस बंद केला आणि शक्य तेवढ्या हलक्या हाताने झाकण काढलं. भात ढवळायला डाव घातला, तो खाली लागला आणि खर्रकन आवाज झाला. डक्टमध्ये आवाज फार घुमतो. मी श्वास रोखून उभी राहिले. 

"वरचा वरचा काढून घे गं," काका म्हणाले. "तळाला डाव लावू नकोस."

मग त्यांनी खिडकीच्या काचांच्या पट्ट्या ओढून घेतल्या. मी वरचा भात ताटलीत काढला आणि ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ला. करपल्याचा वास त्याला लागला नव्हता.